परदेशात विद्यार्थी जास्त कुणाचे, भारताचे की चीनचे?

प्रश्न एम.ए. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. भारत आणि चीन या दोन देशांचे किती विद्यार्थी परदेशी विद्यापीठांत शिकतात, याची तुलना तिला प्रकल्पात मांडायची आहे. एका बातमीत तिने वाचलं की भारताने चीनला मागे टाकलं. युनेस्कोच्या तक्त्यात मात्र चीनचे दहा लाखांवर आणि भारताचे जेमतेम त्याच्या निम्मे. संसदेतल्या एका उत्तरात एकट्या भारताचेच तेरा लाख. "सर, यातला खरा आकडा कुठला धरू?"

तिन्ही खरे आहेत. अडचण एवढीच की तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. मी पुण्यात गेली तेवीस वर्षं परदेशी शिक्षणाच्या समुपदेशनाचं काम करतो. रोजचा धंदाच ॲडमिट, आय-ट्वेंटी (अमेरिकी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), व्हिसा स्लॉट आणि कर्जाच्या फायली यांचा. तरीही हे तीन आकडे एकमेकांत मिसळण्याची चूक मी स्वतः भर सभेत केलेली आहे. ती पुढे सांगतो.

बातमीपासून सुरू करू. ती अमेरिकेबद्दलची होती. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांची मोजदाद करणारा 'ओपन डोअर्स' हा अहवाल दर नोव्हेंबरात येतो. २०२३-२४ च्या अहवालात भारताचे ३,३१,६०२ विद्यार्थी होते आणि चीनचे २,७७,३९८. २००८-०९ नंतर पहिल्यांदाच भारत वर गेला, म्हणून मथळे झाले. त्याआधी २००१-०२ पासून आठ वर्षं भारतच पहिला होता. मग २००९-१० मध्ये चीन पुढे गेला आणि चौदा वर्षं पुढेच राहिला. हा झोपाळा जुना आहे. मथळा लिहिणाऱ्याला दर वेळी तो नवीन वाटतो, त्याला कोण काय करणार?

आता त्या ३,३१,६०२ च्या आत डोकावू. या संख्येत ९७,५५६ जण ओपीटीवर होते. ओपीटी म्हणजे पदवी हातात पडल्यावर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायची मुभा. सगळ्यांना एक वर्ष मिळतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना २०१६ पासून त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात. सांगलीहून गेलेल्या एका मेकॅनिकलच्या मुलाची फाईल माझ्याकडे आहे. एम.एस. संपवून तो टेक्सासमध्ये एका गोदामात यंत्रमानवांच्या देखभालीचं काम करत होता. वर्गात पाऊल टाकून त्याला चौदा महिने झाले होते, पगार होता, गाडी होती, आयकर कापला जात होता. त्या वर्षीच्या अहवालात मात्र तो 'भारतीय विद्यार्थी' म्हणूनच मोजला गेला. तुमचा प्रकल्प 'शिकणाऱ्यांचा' असेल, तर हा मुलगा धरायचा की नाही हे तुम्हाला ठरवावं लागेल.

ओपीटीवाले बाजूला काढून बघा. भारताचे उरतात २,३४,०४६. चीनचेही ६१,५५२ जण ओपीटीवर होते, ते वजा केले की उरतात २,१५,८४६. चोपन्न हजारांची आघाडी अठरा हजारांवर येते. भारत पुढेच आहे, पण मथळ्यात वाटला तितका नाही.

त्याही आत अजून एक थर आहे आणि माझ्या मते खरी तुलना तिथेच सापडते. बारावीनंतर थेट पदवीसाठी गेलेले घेतले, तर चीनचे ८७,५५१ आणि भारताचे ३६,०५३. म्हणजे चीन जवळपास अडीचपट. मास्टर्स आणि पीएच.डी. घेतली, तर उलट: भारताचे १,९६,५६७ आणि चीनचे १,२२,७७८. एकाच अहवालातून, एकाच वर्षात, 'चीन पुढे' आणि 'भारत पुढे' अशी दोन्ही वाक्यं प्रामाणिकपणे लिहिता येतात. तुमच्या विषयाच्या नावात 'विद्यापीठातले विद्यार्थी' असे शब्द आहेत. त्यात पदवीचे येतात की पदव्युत्तर, की दोन्ही, हे पहिल्या पानावर लिहा. मार्गदर्शक बाईंनी विचारायच्या आधीच.

पुढच्या वर्षाचा अहवाल तर याहून मजेशीर आहे. २०२४-२५ मध्ये भारताचा आकडा ३,६३,०१९ झाला, म्हणजे सुमारे दहा टक्के वाढ. पेपरांनी वाढ छापली. पण मास्टर्स-पीएच.डी.वाले १,९६,५६७ वरून १,७७,८९२ वर उतरले होते आणि ओपीटीवाले ९७,५५६ वरून १,४३,७४० वर गेले होते. एकूण आकडा ३१,४१७ ने वाढला, तरी प्रत्यक्ष वर्गात बसणारे जवळपास पंधरा हजारांनी घटले. दोन-तीन वर्षांपूर्वी लाटेत गेलेली मुलं आता नोकरीच्या टप्प्यावर आली, त्यांची ही सूज. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे अहवाल यायच्या आधीच कळलेलं असतं, कारण जून-जुलैत फोन वाजायचे थांबतात.

इतर देशांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये २०२२-२३ साली भारताचे १,७३,१९० आणि चीनचे १,५४,२६० होते. तिथे भारत त्याच वर्षी पुढे गेला, आणि त्याचं कारण २०२१ च्या जुलैत सुरू झालेला पदवीनंतरचा दोन वर्षांचा राहण्याचा व्हिसा. जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्सवाल्यांना जोडीदार-मुलं सोबत न्यायची बंदी झाली आणि पुढच्या वर्षी आकडा उतरला. कॅनडात २०२३ अखेर भारताचे चार लाखांवर स्टडी परमिट होते आणि चीनचे त्याच्या चौथाईच्या आसपास. पण त्या चार लाखांतले फार मोठ्या संख्येने विद्यापीठात नव्हे, तर कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला होते. २२ जानेवारी २०२४ ला कॅनडाने परमिटवर मर्यादा घातली आणि तो नळ आवळला गेला.

जर्मनी मात्र जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण मोजायचं कसं हे तिथून शिकावं. त्यांच्या आकडेवारीत परदेशी नागरिकत्वाच्या विद्यार्थ्यांचे दोन गट असतात: शालेय शिक्षण परदेशात करून आलेले, आणि जर्मनीतच शाळा शिकून विद्यापीठात गेलेले. म्युनिकला वाढलेली, भारतीय पासपोर्ट असलेली मुलगी 'भारतातून शिकायला आलेली' नव्हेच, आणि ते तिला तशी मोजत नाहीत. बऱ्याच देशांच्या तक्त्यांत हा फरक हरवतो. जर्मनीत २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात ४२,९९७ भारतीय होते आणि त्या सत्रात भारत पहिल्यांदा चीनच्या पुढे गेला. २०२३-२४ मध्ये ४९,४८३ आणि २०२४-२५ मध्ये ५९,४१९ झाले. कागदपत्रं तपासणारं एपीएस प्रमाणपत्र चिनी मुलांना २००१ पासून लागतं, आपल्याला नोव्हेंबर २०२२ पासून. तेव्हा आमच्याकडे 'आता जर्मनी संपली' अशी हाकाटी झाली होती. काही संपलं नाही. मुलांनी आणखी एक फाईल केली, एवढंच.

एवढ्या सगळ्या देशांत भारत पुढे, मग युनेस्कोत चीन दुप्पट कसा? एक तर युनेस्कोचे आकडे मागे चालतात. यजमान देशांनी कळवल्यावर ते गोळा होतात, त्यामुळे आज हाती येणारा तक्ता दोन-तीन वर्षांपूर्वीचा असतो. २०२० ते २०२२ या काळात त्यांच्या हिशेबात चीनचे दहा लाखांवर आणि भारताचे पाच ते सहा लाख आहेत. दुसरं असं की त्यांची व्याख्या घट्ट आहे. सीमा ओलांडून पदवी-पदविकेसाठी दाखल झालेलेच धरायचे. एका सत्राच्या देवाणघेवाणीला गेलेले नाहीत, भाषावर्गाचे नाहीत. तिसरं, चिनी मुलं ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण कोरिया अशा देशांतही मोठ्या संख्येने आहेत. जपान-कोरियात आपली मुलं अगदी थोडी. आणि हाँगकाँगचा एक काटा आहेच. मुख्य भूमीवरून हाँगकाँगला शिकायला गेलेला मुलगा युनेस्कोच्या तक्त्यात सीमा ओलांडलेला ठरतो, कारण हाँगकाँगची शिक्षणाची आकडेवारी वेगळी ठेवली जाते. 'ओपन डोअर्स'मध्येही चीन, हाँगकाँग आणि तैवान यांच्या ओळी वेगळ्या असतात. चीनच्या ओळीत तुम्ही कुणाला धरलं, ते तळटीपेत लिहा.

आता संसदेतले तेरा लाख. परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ साठी १३,३५,८७८ हा आकडा दिला. २०२३ साठी १३,१८,९५५ होता आणि २०२२ साठी ९,०७,४०४. हा 'सध्या तिथे असलेल्यांचा' आकडा आहे, देशोदेशींची माहिती जुळवून केलेला. देशवार यादी उघडलीत तर शिवण दिसते. कॅनडासमोर ४,२७,००० हा गोल आकडा आहे, म्हणजे डिप्लोमावाले, इतर सगळे परमिटधारक धरून. जर्मनीसमोर ४२,९९७ आहे. ओळखीचा वाटला? वर दिलेला जर्मनीचा २०२२-२३ च्या हिवाळी सत्राचाच तो आकडा. '२०२४' च्या रकान्यात निरनिराळ्या वर्षांचे तुकडे बसलेले आहेत. यात लबाडी नाही, अशा याद्या अशाच तयार होतात. पण त्यावरून 'एका वर्षात सव्वा टक्का वाढ' असलं गणित मांडू नका.

चौथा आकडा तुम्ही दिलेला नाही, पण शोधताना तो हाती लागेलच: विमानतळाचा. इमिग्रेशन विभागाच्या नोंदीनुसार शिक्षणासाठी बाहेर पडलेले भारतीय २०२२ मध्ये ७,५०,३६५, २०२३ मध्ये ८,९२,९८९ आणि २०२४ मध्ये ७,५९,०६४. हा साठा नव्हे, हा प्रवाह. टाकीत किती पाणी आहे आणि नळातून वर्षात किती आलं, यातला जो फरक तोच इथे. नोंद कशी होते तेही बघा. मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर रात्री दीडच्या सुमाराला रांग लागलेली असते. मागे आई काचेला नाक लावून उभी, पोराच्या एका हातात बोर्डिंग पास, दुसऱ्या हातात कागदांची प्लास्टिकची फाईल. काउंटरवरचा अधिकारी व्हिसाचं पान उघडतो. "कशासाठी?" "सर, मास्टर्स." शिक्का. सरकारने संसदेत स्पष्टच सांगितलेलं आहे की उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्यांची वेगळी सूची ठेवली जात नाही. प्रवाशाने तोंडी सांगितलेलं कारण किंवा दाखवलेल्या व्हिसाचा प्रकार पाहून ही नोंद होते. भावाच्या लग्नाला डिसेंबरात आलेली मुलगी जानेवारीत परत निघाली तरी तिचा व्हिसा विद्यार्थ्याचाच असतो. ती पुन्हा एकदा मोजली जाण्याची शक्यता राहतेच.

माझी फजिती इथलीच. एका महाविद्यालयात पालकसभेत मी स्लाईड लावली होती: एका बाजूला भारताचा विमानतळाचा आकडा, दुसऱ्या बाजूला युनेस्कोचा चीनचा. खाली मोठ्या अक्षरांत 'भारत चीनला गाठतोय'. मागच्या रांगेतून संख्याशास्त्राच्या एक निवृत्त बाई उठल्या. शांतपणे म्हणाल्या, "डावीकडे वर्षभरात दारातून गेलेले आहेत आणि उजवीकडे घरात बसलेले. तुम्ही गाठताय कुणाला?" पालक हसले. मीही हसलो, काय करणार. ती स्लाईड त्याच रात्री काढली.

चीनच्या बाजूलाही हाच सापळा आहे, फक्त उलटा. चीनच्या शिक्षण मंत्रालयाचा २०१९ चा आकडा ७,०३,५०० आहे आणि तो त्या वर्षी बाहेर गेलेल्यांचा, म्हणजे प्रवाहाचा. तो आपल्या तेरा लाखांशेजारी ठेवणारे लेख मी वाचलेले आहेत. प्रवाहाशेजारी प्रवाह, साठ्याशेजारी साठा. आणि जमेल तितकं एकाच संस्थेने मोजलेलं घ्या. दोन देशांच्या तुलनेला त्यातल्या त्यात युनेस्को बरी. शिळी आहे, पण दोघांना एकाच तराजूत घालते.

आता छेदाकडे या. लोकसंख्येने भागून उपयोग नाही, दोघे एकशेचाळीस कोटींच्या घरातले, उत्तर मूळ आकड्यासारखंच येतं. उच्च शिक्षणातल्या एकूण विद्यार्थ्यांनी भागा. आपल्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली ४.३३ कोटी विद्यार्थी होते. चीनमध्ये २०२३ साली ४.७६ कोटी. युनेस्कोचे २०२२ चे चीनचे साडेदहा लाख आणि भारताचे सहा लाख धरले, तर चीनचे शंभरात २.२ आणि भारताचे १.४ येतात. वर्षं थोडी पुढेमागे आहेत, ते नमूद करा.

मी मात्र एक पायरी पुढे जाईन. भारतात २०२१-२२ साली १८ ते २३ वयोगटातल्या शंभरांमागे २८.४ उच्च शिक्षणात होते. चीनमध्ये २०२३ साली १८ ते २२ वयोगटाच्या मानाने हे प्रमाण ६०.२ होतं. उलटा भागाकार केला, तर भारतात त्या वयाचे साधारण १५ कोटी तरुण निघतात आणि चीनमध्ये आठ कोटींच्या आत. म्हणजे कॉलेजच्या वयातल्या दर हजारांमागे चीनचे तेराजण बाहेर आहेत आणि भारताचे चार. वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, हिशेब ढोबळ आहे. पण तेरा आणि चार यांतलं अंतर वयोगटाच्या एका वर्षाने भरून निघणारं नाही. अमेरिकेत पुढे असलेल्या भारताचं हे दुसरं चित्र, आणि ते मथळ्यात कधी येत नाही.

'का' हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. चीनमधून पदवीला जाणाऱ्यांची लाट एका पिढीची आहे. २००६-०७ मध्ये अमेरिकेत पदवीला असलेले चिनी विद्यार्थी दहा हजारांच्या आत होते, २०१८-१९ मध्ये १,४८,८८०. एकुलतं एक मूल, शहरात दर चढलेली घरं, गाओकाओ या प्रवेशपरीक्षेचा धसका, आणि ती टाळून थेट परदेशी जायची तयारी करून घेणाऱ्या शाळांच्या आंतरराष्ट्रीय तुकड्या. आई-बाप आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा असे सहाजण एका पोराची फी भरायला उभे. मग महासाथ आली, मे २०२० मध्ये लष्कराशी संबंध असलेल्या संस्थांतल्या चिनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर अमेरिकेने बंदी घातली, दोन देशांचे संबंध बिघडले. आकडा उतरला.

आपल्याकडचा विद्यार्थी चार वर्षं बी.ई. इथेच करतो, कारण ती इथे स्वस्त पडते. मग नाशिकचा फ्लॅट किंवा गावाकडची जमीन तारण ठेवून कर्ज काढतो, वडील सहकर्जदार. घरात बोलणं विद्यापीठाच्या क्रमांकाचं कमी आणि 'हप्ता किती महिन्यांत सुरू होतो' याचं जास्त. म्हणून ओपीटीचे नियम बदलले की माझ्या केबिनबाहेरची गर्दी बदलते, आणि ब्रिटनचा व्हिसा बदलला की पुन्हा बदलते. भारताचा आकडा हा भारतापेक्षा यजमान देशाच्या व्हिसाधोरणाचा आरसा जास्त आहे, हे माझं मत. पटलं तर घ्या.

याला मोठा अपवाद डॉक्टरकीचा. तिथे रेटा इथला आहे. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत. उरलेले रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, फिलिपिन्स गाठतात. आणि चीनही! महासाथीत सीमा बंद झाल्या तेव्हा चिनी महाविद्यालयांतले सुमारे २३,००० भारतीय विद्यार्थी इकडे घरी अडकून पडले होते, त्यात बहुतेक वैद्यकीयचे. तुलनेतला दुसरा देशच आपल्या मुलांचा यजमान आहे, एवढा एक परिच्छेद प्रकल्पात ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की परत येणाऱ्यांचा आकडा कुठे मिळेल. चीनचा मिळतो. तिथे मोजायची सवय जुनी, कारण पाठवणारंच सरकार होतं. १८७२ पासून तिथल्या चिंग राजघराण्याच्या दरबाराने १२० मुलगे अमेरिकेत कनेक्टिकटला धाडले आणि १८८१ मध्ये हुकूम काढून परत बोलावले. डिसेंबर १९७८ मध्ये पुन्हा दार उघडलं तेव्हा अमेरिकेला निघालेली पहिली तुकडी ५२ जणांची होती, हेही नोंदलेलं आहे. १९७८ ते २०१९ या काळात ६५.६ लाख गेले, ४९ लाखांचं शिक्षण पूर्ण झालं, त्यातले ४२.३ लाख परत आले. परत आलेल्यांना तिकडे 'हायगुइ' म्हणतात. त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ समुद्री कासव. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला निघाल्या त्या लोकांच्या देणग्यांवर आणि घरच्यांच्या बळावर, सरकारी तुकडीतून नव्हे. बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवताना मात्र करार करून घेतला होता: शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. कोण गेलं आणि कोण परतलं, हे त्या दप्तरात सापडलं असतं.

आज स्वतःच्या कर्जावर गेलेल्यांचा असा हिशेब ठेवणारं दप्तर नाही. जाताना काउंटरवर निदान "कशासाठी?" विचारतात, येताना भारतीय पासपोर्टवर शिक्का बसतो आणि माणूस सामानाच्या पट्ट्याकडे चालू लागतो. तक्त्यात चीनसमोर ४२.३ लाख लिहा आणि भारतासमोरचा तो रकाना कोरा सोडा. विमानतळावरच्या आगमनांवरून किंवा संपलेल्या व्हिसांवरून अंदाज काढून तो भरू नका. परीक्षकांनी बोट ठेवलं, तर कोरा का आहे हे सांगायला तुमच्याकडे दोन पानं तयार असतील.